गार्ड

डोंबिवलीच्या माणसाला आगगाडीने पुण्याला जायचं असेल तर मार्ग सरळ आहे. लोकल पकडायची, मध्ये ठाकुर्ली जाऊ द्यायची, कल्याणला उतरायचं आणि तिथे पुण्याची गाडी येईल तीत चढायचं. आमच्या गार्डला हा मार्ग मान्य नाही. त्याच्या मते डोंबिवलीच्या माणसाने आधी उलट्या दिशेने, तास-सव्वा तास लोकलचे धक्के खात थेट सीएसएमटी गाठावं, तिथे फलाटाला लागलेल्या पुण्याच्या गाडीत रीतसर बसावं, आणि मग तीच गाडी डोंबिवलीतून न थांबता धडधडत निघाली की खिडकीतून आपल्याच सोसायटीची पाण्याची टाकी बघावी.

“कल्याणला गाडी थांबते किती? दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात माणूस चढेल, का निरोप घेईल?” असं तो विचारतो आणि ह्या प्रश्नाला आजवर सोसायटीत कुणाला उत्तर सुचलेलं नाही. प्रवास म्हणजे गाडी सुटायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं, अशी त्याची व्याख्या आहे. पुढचं काय ते तुमचं आणि रेल्वेचं.

गार्ड हे अर्थात त्याचं नाव नव्हे. नाव रेशनकार्डावर आणि विजेच्या बिलावर आहे, आणि तिथेच ते सुखात आहे. रेल्वेशी त्याचा नोकरीचा संबंध कधीच नव्हता. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्याचा जन्म गेला. त्यातही आवक त्याने पहिल्याच वर्षी शेजारच्या टेबलावर ढकलली आणि जावक स्वतःकडे ठेवली असं त्याचे जुने सहकारी सांगतात. आमच्यात हे नाव पडलं ते वेगळ्या कारणाने. गाडी हलली की पोचवायला आलेले लोक हात हलवतात, खिडकी दिसेनाशी झाली की वळतात आणि वडापावच्या दिशेने निघतात. हा वळत नाही. शेवटचा डबा आणि त्याच्या पाठीवरची ती मोठी फुली फलाटाबाहेर पडेपर्यंत हा ताठ उभा. एकदा फुली गेली की मग घड्याळात बघून “तीन मिनिटं लेट” असं काहीतरी पुटपुटतो, आणि मगच त्याच्या मते माणूस गेला.

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे पद बदलून ट्रेन मॅनेजर केलं. आम्ही कट्ट्यावर ठराव करून ह्यालाही बढती देऊ केली. त्याने नाकारली. म्हणाला, “मॅनेजर लोक कधी कुणाला पोचवायला येतात का?”

तुम्ही गावाला जाणार आहात हे त्याला सांगावं लागत नाही, आणि लपवताही येत नाही. आमच्या सोसायटीत हे प्रयत्न झालेले आहेत. एका जोडप्याने महाबळेश्वरला गुपचूप जायचं ठरवलं, शेजाऱ्यांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही, आणि आदल्या दिवशी दूधवाल्याला फक्त एवढंच म्हणाले की उद्यापासून तीन दिवस दूध नको. सकाळी दार उघडलं तर बाहेर गार्ड, हातात डबा, पायात बूट. दूधवाला, पेपरवाला आणि इस्त्रीवाला हे तिघे त्याचे खबरे आहेत. त्यातला इस्त्रीवाला सर्वांत भरवशाचा. एरवी टी-शर्टात फिरणाऱ्या माणसाने चार शर्ट एकदम टाकले की लग्नाला किंवा मुलाखतीला निघालाय, हे तो गार्डला कळवतो.

आता डब्याबद्दल. डबा वहिनी करतात आणि त्याचं धोरण गार्ड ठरवतो. पोळी नाही, दशमी. दुधात भिजवलेल्या कणकेची, म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, पण एसी डबा असेल तर तीत लसूण नाही, कारण वास कोंडतो आणि समोरचा माणूस पुढचे सहा तास तुमच्याशी बोलत नाही. साध्या डब्याला लसूण चालतो. उसळ, रस्सा, आमटी ह्या गोष्टींना डब्यात बंदी. लोणचं घालायचं तर फोड निथळून, तेल बरणीतच. बटाट्याची भाजी रात्रीच्या गाडीला नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. हे सगळं तो तुम्हाला डबा हातात देताना सांगतो, म्हणजे डबा उघडून बघायची उत्सुकताही शिल्लक ठेवत नाही. डबा परत करायचा असतो. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. तो परत द्यायला गेलं की गार्ड दारातच घेतो आणि आत या म्हणत नाही. ह्या गोष्टीकडे आमचं कित्येक वर्षं लक्ष गेलं नव्हतं.

घरचा डबा दिला म्हणजे तुम्ही बाहेरचं खायचं नाही, असं मात्र नाही. उलट त्याच्या डोक्यात रेल्वेचा नकाशा आहे तो खाण्याच्या ठिकाणांचा आहे. पुण्याकडे निघालात तर कर्जतला दिवाडकरांचा वडा. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावतात, त्यासाठी ती तिथे थांबते, आणि तो थांबा रेल्वेने वड्यासाठीच ठेवला आहे असा त्याचा समज आहे. साताऱ्याहून येणाऱ्याने कंदी पेढे आणायचे. नागपूरहून संत्र्याची बर्फी. नागपूरला जाणाऱ्याला शेगावची कचोरी चुकवता येत नाही. गाडी शेगावला अपरात्री पोचत असेल तर अपरात्री फोन येतो: “झोपलास ना? ऊठ. शेगाव येतंय.” गोव्याला जाणाऱ्याने मांडवी एक्स्प्रेसच धरायची, कारण तिच्या खाण्याचं नाव आहे. स्वतः गार्ड कोकण रेल्वेत कधी बसलेला नाही. शेगावची कचोरी त्याने खाल्ली आहे ती फक्त आमच्या वर्णनांतून. पण गरम होती का, आत काय होतं, मिरची तळलेली दिली की कच्ची, हे तो इतकं खोदून विचारतो की आता शेगावला कचोरी हातात घेतली की खाण्याआधी ती नीट बघून ठेवायची सोसायटीतल्या सगळ्यांना सवय लागली आहे.

स्वतः का जात नाहीस, असं विचारलं की म्हणतो, “मी गेलो तर पोचवायला कोण?”

सीएसएमटीच्या फलाटावर त्याला पाहावं. डोंबिवलीत जो माणूस बँकेच्या रांगेत कुणीही पुढे घुसला तरी गप्प उभा राहतो, तो इथे दोन इंच उंच होतो. तुमच्या हातातली बॅग घेतो आणि तुमच्याआधी डब्यात शिरतो. आसनावर स्वतः बसून बघतो. खिडकीचं शटर वर-खाली करतो. चार्जिंगच्या खोबणीत स्वतःचा फोन लावून बघतो. मग डब्याच्या टोकाला जाऊन नळाला पाणी आहे का ते बघून येतो आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्हाला सांगतो, “आहे. पण सकाळी वेळेत उरकून घे.” नंतर शेजारच्या प्रवाशाकडे वळतो. “जरा लक्ष ठेवा हो ह्यांच्याकडे. झोप लागली की उठत नाहीत. सोलापूर गेलं तरी पत्ता लागायचा नाही.” हे ज्यांच्याबद्दल चाललेलं असतं ते गृहस्थ एका बँकेच्या विभागीय कार्यालयात मोठे अधिकारी असतात, आणि शेजारचा प्रवासी नेमका त्याच बँकेचा कर्जदार निघतो.

पूर्वी ह्याहून बहार होती. डब्याच्या दाराशी आरक्षणाचा तक्ता चिकटवलेला असायचा. नाव, वय, स्त्री की पुरुष, कुठून कुठे. गार्ड चष्मा कपाळावर चढवून तो वाचायचा आणि तुमच्या आसपास कोण आहे ह्याचा गोषवारा द्यायचा. “समोर बासष्ट आणि अठ्ठावन्न, दौंडपर्यंत. नवरा-बायको. खालचा बर्थ मागणार, देऊन टाक. बाजूला पुरुष, चोवीस, एकटा. ह्याच्याकडे पत्ते असतील.” २०१८ मध्ये रेल्वेने मोठ्या स्टेशनांवर हे तक्ते चिकटवणं बंद केलं, कागद वाचला म्हणे. गार्ड आठवडाभर अस्वस्थ होता. माणसाला अशा अंधारात कसं सोडायचं, असं त्याचं म्हणणं.

दुसरा घाव दादरने घातला. दादरला पश्चिम रेल्वेचा फलाट एक आणि मध्य रेल्वेचाही फलाट एक, त्यामुळे बाहेरगावचा माणूस हमखास चुकीच्या पुलावर चढायचा आणि त्याला योग्य एकवर नेण्यासाठी गार्डची गरज पडायची. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेला ८ ते १४ असे आकडे दिले. गोंधळ मिटला. इतरांना आनंद झाला असेल. गार्ड म्हणाला, “आता काय, कुणीही जाईल.”

फलाट तिकीट दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. ते दोन तास तो पुरते वसूल करतो. कोरोनाच्या काळात मुंबईतल्या मोठ्या स्टेशनांवर गर्दी हटवायला ते पन्नास रुपये केलं होतं, तेव्हाही त्याने काढलं. “नाटकाचं तिकीट ह्याच्या सहापट असतं,” तो म्हणाला, “आणि तिथे नट आपल्याला ओळखतही नाहीत.” दिवाळी किंवा छठच्या गर्दीत फलाट तिकिटं मुळीच देत नाहीत, ते दिवस तो घरात पेपर वाचत काढतो. वहिनी त्या दिवसांत माळ्यावरचं सामान काढून घेतात.

एस.टी.ला पोचवायला तो येतो, पण मन लावून येत नाही. एस.टी.त निरोपाला जागाच नाही असं त्याचं मत. गाडी लागते कधी, सुटते कधी, ह्याचा नेम नाही. तुम्ही पायरीवर उभं राहून वाक्याला सुरुवात करावी, तर कंडक्टर डबल बेल मारतो. तरी १ जूनला तो न चुकता पेढे वाटतो, आणि अर्धा पेढा एस.टी.चा असतो. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि १ जून १९४८ ला पुणे ते नगर ही पहिली एस.टी. धावली. सोसायटीतल्या मुलांना वाटतं की १ जून म्हणजे गार्डकाकांचा वाढदिवस. ती त्याला ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात आणि तोही ‘थँक यू’ म्हणतो.

विमानतळ हा मात्र त्याचा पराभव. तिथे दाराशीच बंदूकवाला जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, आणि ज्याला कुठेच जायचं नाही अशा माणसासाठी आत जागा नाही. मुलगा शिकायला कॅनडाला निघाला तेव्हा गार्ड सगळी सामग्री घेऊन रात्री अकराला सहारला आला होता. दारापर्यंत ट्रॉली ढकलली, डबा दिला, आणि पुढे काच. मुलगा आत बॅगा वजनाला लावतोय, हा बाहेरून खुणा करतोय: पासपोर्ट वरच्या खिशात, पाणी पी, बेल्ट काढून ठेव. मुलगा नजरेआड झाला तरी हा हलेना. वहिनी म्हणाल्या, “चला आता.” हा म्हणाला, “थांब, गेला कशावरून?” विमानाला शेवटचा डबा नसतो हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं असावं. पहाटे चारपर्यंत दोघं बाहेरच्या कठड्यावर बसून होती.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्याकडे येतो. फलाटावरच्या त्या वीस मिनिटांतली पहिली पंधरा अशी नळ, शटर आणि शेजारी ह्यांत जातात. मग सगळं सांगून होतं. तुम्ही खिडकीत, तो खाली. बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि गाडी तर सुटत नसते. अशा वेळी चारचौघं घड्याळ बघतात, “सुटेल आता” म्हणतात, लेकराला “टाटा कर” म्हणून कामाला लावतात. गार्ड पुढे फलाटाच्या टोकाकडे, सिग्नलकडे बघत राहतो. लाल आहे तोवर गप्प. सिग्नल पिवळा झाला की त्याची जीभ सुटते. गेली पाच-सात वर्षं पोटात ठेवलेलं तो त्या दोन मिनिटांत सांगून टाकतो. त्याच्या बायोप्सीचा निकाल चांगला आला, हे मला पुण्याच्या गाडीच्या खिडकीत कळलं. बायोप्सी झाली होती हेही तेव्हाच कळलं. भावाशी जागेवरून बोलणं बंद झालंय, हे त्याने कोल्हापूरला निघालेल्या एकाला सांगितलं. ज्या मित्राशी चाळीस वर्षांची ओळख, त्याची १९८९ साली आपण पाठीमागे टिंगल केली होती, ती चूक झाली, हेही त्याने एकदा गाडी हलल्यावर, बरोबरीने चालत, खिडकीच्या गजाला हात लावून सांगितलं. मित्राने काही उत्तर द्यायच्या आत फलाट संपला.

त्यातली सोय उघड आहे. पुढे संभाषण वाढत नाही. कुणी “म्हणजे काय झालं नक्की?” असं विचारत नाही, पाठीवर हात ठेवत नाही, डोळे पुसायला लागत नाही. आपल्याकडे दारातला निरोप किती लांबतो! “चला, येतो” म्हटल्यावर चपला घालून पाऊण तास जिन्यात बोलत उभे राहणारे लोक आपण. मूळ गप्पांपेक्षा जिन्यातल्या लांब. गार्डला हा प्रकार सोसत नाही. ज्या निरोपाला वेळापत्रक नाही त्यात तो तोंड उघडत नाही.

आणि तो कधीही, कुणालाही, आणायला जात नाही. हे आमच्या लक्षात वहिनींनी आणून दिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, म्हणाल्या, मला माहेरी पोचवायला हे नाचत येतात, आणि येताना मी दोन बॅगा, फणस आणि रिक्षावाल्याशी भांडण, सगळं एकटी आणते. आम्ही त्याला जाब विचारला. त्याने अगदी शांतपणे सांगितलं, “जाणाऱ्याला गरज असते. येणाऱ्याला काय, घर माहीत असतं.” शिवाय येणारा माणूस घामट असतो, त्याला आंघोळ हवी असते, आणि काही सांगायला गेलं तर तो रिक्षा शोधत असतो. हेही खरंच आहे.

ह्या सगळ्याची कसोटी लागली ती मस्कत परत आला तेव्हा. मस्कत म्हणजे आमच्याच कंपूतला एक. ऐन तिशीत तिकडे नोकरीला गेला आणि नाव तेच पडलं. दर वर्षी रजेवर यायचा, आणि रजा संपली की गार्ड रात्री-अपरात्री त्याला सहारला पोचवायचा. काचेआधीच्या त्या पाच मिनिटांत दोघांचं जे काही बोलणं व्हायचं, त्यावर मस्कत वर्षभर तिकडे दिवस काढायचा. हे त्याने स्वतः मला सांगितलेलं आहे. निवृत्त झाल्यावर तो कायमचा परत आला. आमच्याच सोसायटीत जागा घेतली. का, तर गार्ड समोरच्या विंगमध्ये आहे. आता रोज भेटू, संध्याकाळी फडके रोडला चक्कर मारू, गणपतीच्या देवळाशी बसू, असं सगळं त्याने ठरवलेलं.

गार्ड त्याला भाजीवाल्यापाशी भेटायचा. “काय, कसं काय?” म्हणायचा. मस्कत उत्तर द्यायच्या आत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून निघून जायचा. असं वर्ष गेलं. कधी घरी ये म्हटलं तर “येऊ की” म्हणायचा, आणि एकदा फारच आग्रह झाला तेव्हा जरा आशेने त्याने विचारलं, “मग, आता परत कधी निघणार?”

मस्कत माझ्याकडे येऊन बसला. चेहरा उतरलेला. माझं काही चुकलं का, पैशाबियशाचं काही आहे का, असं विचारायला लागला. मी त्याला पिवळ्या सिग्नलची सगळी थिअरी सांगितली. तो बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिला, मग उठून घरी गेला, आणि त्याने दूधवाल्याला सांगितलं की परवापासून दोन दिवस दूध नको.

पुण्याला एक काम आहे, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. काम बीम काही नव्हतं. ऑगस्टातला दिवस, सकाळपासून पाऊस. दारात गार्ड, हातात डबा, खांद्यावर छत्री, चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेली टवटवी. दोघं जण उलट्या दिशेने, लोकलने, सीएसएमटीला गेले. मी गॅलरीतून पाहत होतो. जिना उतरतानाच गार्ड बोलायला लागला होता.

संध्याकाळी माझ्या दारावर टकटक. दारात मस्कत, भिजलेला, हातात तीच बॅग आणि तोच डबा. कल्याणला उतरून परत आला होता. लोकलने आला असता तर डोंबिवलीच्या पुलावर गार्डशीच गाठ पडायची, म्हणून रिक्षा केली, आणि पत्री पुलाच्या अलीकडे अर्धा तास अडकला. स्वतःच्या घरी जाता येत नव्हतं, कारण समोरच्या विंगमधून गार्डला दिवा दिसला असता. दोन दिवसांचे कपडे बरोबर होतेच. “परत यायची काळजी नाही,” बूट काढत म्हणाला, “आणायला तो येणार नाही.”

हिने चहा टाकला. आम्ही डबा उघडला. दशम्या मऊ होत्या, चटणीत लसूण होता, म्हणजे मस्कतने साधा डबा घेतला होता.

“बोलला का काही?” मी विचारलं.

“सिग्नल होईपर्यंत नाही. मग म्हणाला, तू तिकडे होतास तेव्हा बरं होतं रे, तुझी आठवण तरी यायची. आता रोज समोर दिसतोस, तर करायचं काय ते कळत नाही.”

“मग तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? गाडी सुटली.” आणि मस्कत हसायला लागला. वर्षभरात मी त्याला असा हसताना पाहिला नव्हता. दुसरी दशमी त्याने चहात बुडवली. पुढच्या महिन्यात नाशिकचं तिकीट बघतो म्हणाला. नाशिकची गाडीही कल्याणला थांबतेच.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने आम्हाला गप्प बसायची खूण करून स्पीकर लावला.

“कर्जत आलं ना?”

“आलं.”

“वडा घेतलास?”

मस्कतने हातातल्या दशमीकडे पाहिलं. “घेतला.”

“गरम आहे?”

“चटके बसतायत.”

“चटणी मागून घे. मागे इंजिनं लागली का?”

मस्कतने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “लागली.”

“धक्का बसला?”

“बारीकसा.”

“बारीकसा? नीट लावली नसतील.” पलीकडून येरझारा घातल्याचा आवाज येत होता. मी उठून पडद्याआडून पाहिलं. समोरच्या गॅलरीत गार्ड फोन कानाला लावून, वाळत घातलेल्या चादरींमधून इकडून तिकडे फिरत होता. मी मस्कतला बोलावलं. तोही माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

“आता पळसदरी गेलं की बोगदे लागतील,” गार्ड सांगत होता, “आवाज तुटत राहील. ह्या दिवसांत घाटात धबधबे असतात, तेवढं बघून घे. खिडकी उघडी आहे ना?”

“उघडी आहे.”

“मग सांग, काय दिसतंय?”

गार्ड कठड्याशी येऊन थांबला आणि नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“धुकं आहे रे,” मस्कत म्हणाला, आणि त्याने पडदा ओढून घेतला.